‘थायरॉईडची गोळी’ म्हणजे कोणती? कार्बिमॅझोल आणि फिरत्या सांधेदुखीचं एक प्रकरण

तासगाव तालुक्यातल्या एका गावात माझा दवाखाना आहे. हे प्रकरण तिथलंच. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, दिवसांची अंतरं आणि माझ्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

ताईंचं वय ३८. दोन मुलं, थोरला दहावीला. घरची अडीच एकर द्राक्षबाग. घरात नवरा, सासूबाई, धाकटा दीर आणि जाऊबाई. सासूबाई माझ्या जुन्या पेशंट. त्यांचं थायरॉईड कमी काम करतं, आणि गेली सात वर्षं थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी मीच लिहून देतो. माझी पुढची चूक इथूनच सुरू होते.

उन्हाळ्यापासून ताई वाळत चालल्या होत्या. भूक दणकून, पण सहा महिन्यांत वजन आठ किलो उतरलं. छाती धडधडायची, हात थरथरायचे, घाम थांबायचा नाही. घरच्यांनी आधी ते बागेच्या कामावर ढकललं. गौरीला माहेरी गेल्यावर भावाने मानेचा फुगवटा पाहिला आणि तो त्यांना थेट मिरजेला घेऊन गेला. तिथल्या ग्रंथीतज्ज्ञांनी तपासण्या केल्या: टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन; ग्रंथी जास्त काम करते तेव्हा ते घटतं, कमी करते तेव्हा वाढतं) ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) ५.४ (नॉर्मल साधारण ०.९ ते १.७), थायरॉईडला चेतवणाऱ्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह. निदान ग्रेव्हज डिसीज. म्हणजे थायरॉईड कमी नव्हे, जास्त.

पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी औषधं सुरू झाली. कार्बिमॅझोल १० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, आणि धडधड कमी करायला प्रोप्रानोलॉल २० मिलिग्रॅम तीन वेळा. कार्बिमॅझोल शरीरात गेल्यावर त्याचं मेथिमॅझोल होतं, आणि ते ग्रंथीला नवं हार्मोन तयार करू देत नाही. आधी साठलेलं हार्मोन संपायला काही आठवडे जातात. तोवर हृदयाला सांभाळायला प्रोप्रानोलॉल.

हे सगळं माझ्या अपरोक्ष झालं. फाईल ताईंच्या कपाटात होती, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून रक्त तपासा, अशी सूचना छापलेली होती. ताईंचं शिक्षण सातवी, मराठी माध्यमातलं.

अडचण

दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे गोळी सुरू झाल्यापासून पंचविसाव्या दिवशी, सकाळी उठल्यावर त्यांचं उजवं मनगट सुजलेलं होतं. पूजेचं ताट उचलवेना. त्या आठवड्यात बागेची छाटणी उरकून काड्यांना पेस्ट लावायचं काम चाललं होतं. नवऱ्याचा पहिला संशय त्या पेस्टवर. संशय अगदीच वावगा नव्हता. काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून लावतात त्या रसायनाने कातडी भाजते, आणि पेस्ट लावून आलेल्या माणसाने दारू घेतली तर अंग लालबुंद होऊन धाप लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ताईंनी हातमोजे घातले नव्हते. त्यांनी काम थांबवलं. दुखणं थांबलं नाही.

सत्ताविसाव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. अंगात शंभरचा ताप, मनगट गरम, डावा घोटा नुकताच धरलेला.

“काल हातात हुतं डाक्टर, आज घोट्यात आलंय. उद्या कुठं जाईल काय सांगावं!”

त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात रोज दोन-तीन पेशंट असेच वाकत-लंगडत येत होते. पाऊस ओसरताना डासांचा हंगाम असतो, आणि २००६ ची चिकुनगुन्याची साथ ज्याने इथे पाहिली आहे, त्याला ताप आणि सुजलेले सांधे एकत्र दिसले की दुसरं काही सुचत नाही. मी विचारलं, “दुसरं काही औषध चालू आहे का?”

“थायरॉईडची गोळी तेवढी.”

मी मान डोलवली आणि लिहायला लागलो. माझ्या डोळ्यांसमोर सासूबाईंची पांढरी छोटी गोळी होती. थायरॉईड कमी असलेले लोक आमच्या भागात पुष्कळ, जास्त असलेले थोडे. त्यामुळे पेशंट, मेडिकलवाले, डॉक्टर सगळेच ‘थायरॉईडची गोळी’ म्हणतात आणि सगळ्यांच्या मनात थायरॉक्सिनच असतं. कार्बिमॅझोलचं काम बरोबर उलटं. थायरॉक्सिन उणीव भरून काढतं, कार्बिमॅझोल अतिरेक थोपवतं. नाव मात्र दोघांना एकच.

बाकीच्या खुणाही झाकल्या गेल्या. नाडी ८६ लागली. ताप असूनही इतकी कमी कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाडी प्रोप्रानोलॉलने खाली आणली होती. मान पदराखाली होती, आणि सांधेदुखीच्या पेशंटची मान मी चाचपली नाही.

डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, विश्रांती, भरपूर पाणी. पाच दिवसांनी या.

फसलेले नऊ दिवस

बत्तिसाव्या दिवशी मनगट बरं झालेलं, पण डावा गुडघा आणि दोन बोटं सुजलेली. दंडावर पित्त उठलेलं, रात्री खाज. सकाळी तासभर बोटं वळत नव्हती. मी चिकुनगुन्याची अँटिबॉडी तपासणी आणि प्रयोगशाळेचं ‘आर्थ्रायटिस प्रोफाईल’ लिहून दिलं.

दोन दिवसांनी अहवाल आले. चिकुनगुन्या निगेटिव्ह. आजाराचा आठवा दिवस होता, तोवर ही अँटिबॉडी बहुधा दिसू लागलेली असते. युरिक ॲसिड नॉर्मल. संधिवाताच्या दोन्ही तपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, निगेटिव्ह. सीआरपी ३८, ईएसआर ६२, म्हणजे शरीरात दाह आहे हे नक्की. एएनए, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवतं त्या अँटिबॉडींची तपासणी, मात्र १:८० ला पॉझिटिव्ह.

एएनएचा हा आकडा डॉक्टरला भुलवतो. इतक्या कमी पातळीवर तो धडधाकट माणसांतही सापडतो. तरीही माझ्या मनात ल्युपसचा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराचा, विचार आला, आणि संधिवाततज्ज्ञांकडे चिठ्ठी लिहायची ठरवून मी वेदनाशामकाची मात्रा वाढवून दिली. त्या प्रोफाईलमध्ये सगळं होतं, साधी रक्तपेशींची मोजणी तेवढी नव्हती. पॅकेज घेताना आत काय आहे आणि काय नाही, हे मी वाचलं नव्हतं.

छत्तिसाव्या दिवशी संध्याकाळी आमच्या गावातल्या मेडिकलवाल्याचा फोन आला.

“सर, पाटलांच्या वहिनींचं डायक्लो परत द्यायचंय ना? मिरजेच्या डॉक्टरांची कार्बिमॅझोलपण माझ्याकडूनच जाते, म्हणून म्हटलं एकदा विचारावं.”

(आडनाव अर्थात बदललेलं आहे.) मी त्याला औषधाचं नाव पुन्हा सांगायला लावलं. मग खुर्चीत बसून राहिलो. संधिवाताचा विचार तेव्हा मागे पडला होता. डोळ्यांसमोर दुसरीच गोष्ट होती. कार्बिमॅझोल घेणाऱ्यांपैकी हजारात साधारण दोन ते पाच जणांच्या पांढऱ्या पेशी एकाएकी कोसळतात. बहुतेक वेळा हे पहिल्या तीन महिन्यांतच घडतं, आणि त्याची पहिली खूण ताप आणि घसादुखी. मी नऊ दिवस तापाच्या पेशंटला ताप झाकणारी दोन औषधं देत होतो आणि पेशी मोजल्या नव्हत्या.

समोर असलेले पर्याय

त्याच रात्री आठ वाजता ताईंना बोलावून रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी ४८००, त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल २७००. म्हणजे पेशी शाबूत. मी मिरजेच्या तज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, “सूज फिरतेय की एकाच जागी?” फिरतेय म्हटल्यावर म्हणाले, “गोळी आत्ताच बंद करा. उद्या पाठवा.”

दुसऱ्या दिवशी मीही सोबत गेलो. आमचं बोलणं लिहून ठेवलंय, कारण माझ्या दृष्टीने खरं प्रकरण तेच आहे.

थायरॉईड थोपवणाऱ्या औषधांनी नुसते सांधे दुखणं शेकडा एक ते पाच जणांत दिसतं. सूज येऊन एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारा दाह त्याहून बराच दुर्मिळ. सहसा तो पहिल्या दोन महिन्यांत उमटतो, सोबत ताप, पुरळ किंवा पित्त असू शकतं, आणि औषध थांबवल्यावर बहुधा चार आठवड्यांत मावळतो. ताईंचं चित्र यात चपखल बसत होतं. पण आणखी दोन शक्यता बाजूला सारणं भाग होतं. एक, याच औषधांनी रक्तवाहिन्यांचा दाह होऊ शकतो. तो प्रोपाइलथायोयुरॅसिलने, म्हणजे पीटीयूने, अधिक होतो, तरी कार्बिमॅझोलनेही झालेला आहे. म्हणून एएनसीए (अशा दाहात सापडणाऱ्या अँटिबॉडी) आणि लघवीची तपासणी केली. दोन्ही निर्दोष. दुसरी, हार्मोन झपाट्याने खाली आलं की स्नायू आखडून दुखतात आणि पेशंट त्यालाही सांधेदुखी म्हणतो. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीके नॉर्मल होतं, आणि सूज तर डोळ्यांना दिसत होती.

मग प्रश्न उरला, ग्रेव्हजचं काय करायचं? त्या दिवशी फ्री टी-४ २.३ वर आलं होतं. गोळीने काम चोख केलं होतं, हाच तर पेच.

मात्रा कमी करून गोळी चालू ठेवायची, हा विचार मी मांडला. तज्ज्ञांनी तो लगेच खोडला. ही प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया आहे, अर्ध्या गोळीनेही ती धुमसत राहू शकते, आणि नुसत्या सांधेदुखीतून पुढे गंभीर सांधेदाह झालेले पेशंट आहेत. म्हणूनच या औषधावर सूज दिसली की ते थांबवायचं, अशी रीत आहे.

पीटीयूवर वळायचं, हा दुसरा. किरकोळ पुरळ असेल तर औषध बदलून पाहतात. पण दोन्ही औषधं एकाच कुळातली. एकाने त्रास झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना दुसऱ्यानेही होतो. शिवाय पीटीयूला यकृताच्या तीव्र इजेचा धोका आहे. सांधेदाहानंतर ते नकोच, यावर आमचं एकमत झालं.

शस्त्रक्रियेत ग्रंथी काढून टाकतात, प्रश्न मुळापासून मिटतो. पण त्याआधी हार्मोन आटोक्यात आणावं लागतं, आणि आटोक्यात ठेवणारी गोळीच आम्ही काढून घेतली होती. आयोडीनचे थेंब आणि प्रोप्रानोलॉलवर तयारी करता येते. मात्र आवाजाच्या नसेला आणि शेजारच्या कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींना इजा होण्याची थोडी शक्यता असते. ताईंनी आवाजाचं ऐकलं आणि मान हलवली. त्या भजनी मंडळात गातात.

राहिलं किरणोत्सारी आयोडीन. तोंडाने घेतलेलं आयोडीन-१३१ थायरॉईड शोषून घेतं आणि आतून हळूहळू ग्रंथी निकामी करतं. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. ताईंना आणखी मूल नको होतं, गर्भ नसल्याची तपासणी झाली होती. ग्रेव्हजमध्ये डोळे पुढे येत असतील तर या उपचाराने ते बिघडू शकतात, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून डोळे पाहून घेतले. ठीक होते. अडचण निघाली ती वेगळीच. जाऊबाईंना पाचवा महिना होता.

स्टेरॉईडचा प्रश्न

खर्च, प्रवास, किरणोत्सारी आयोडीन देणाऱ्या केंद्राची तारीख हे सगळं जुळेपर्यंत सांध्यांचं काय? प्रेडनिसोलोन दिलं असतं तर दोन दिवसांत सूज उतरली असती. माझा हात तिकडे वळत होता, खोटं कशाला बोलू. तज्ज्ञ म्हणाले, “पाच दिवस थांबू. स्टेरॉईडने बरं वाटलं तर गोळी बंद केल्याने बरं वाटलं की स्टेरॉईडने, हे कधीच कळणार नाही. आणि आयुष्यभर यांच्या फाईलवर आपण काहीतरी लिहिणार आहोत.”

मला ते पटलं, पण दुखणं सोसायचं होतं ताईंना. म्हणून हा निर्णय त्यांच्यापुढेच ठेवला: आत्ता आराम पाहिजे, का पाच दिवस कळ काढून खात्री पाहिजे? त्यांनी विचारलं, “पेस्टनं झालंय का गोळीनं, ते पण कळंल का?” कळेल म्हटल्यावर त्या थांबायला तयार झाल्या. एक अट ठरली, नवा सांधा धरला किंवा ताप १०१ च्या वर गेला तर वाट पाहायची नाही.

काय केलं

कार्बिमॅझोल बंद. प्रोप्रानोलॉल ४० मिलिग्रॅम तीन वेळा, दमा नाही ना हे विचारून. वेदनाशामक जेवणानंतर, तेही कमी मात्रेत आणि वर आम्लपित्ताची गोळी. पेशींची मोजणी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा. न्यूट्रोफिल स्थिर राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळची जखडण अर्ध्यावर आली. पाचव्या दिवशी गुडघा वाकला. स्टेरॉईडची चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला, म्हणजे गोळी थांबवल्यापासून आठव्या दिवशी, त्यांनी स्वतः उटणं वाटलं. दोन आठवडे भरल्यावर त्या बागेत फेलफुटी (वेलीवरच्या नको असलेल्या फुटी) काढायला गेल्या. मी नको म्हटलं होतं.

याच काळात एक गंमत झाली, किंवा होता होता वाचलेली आणखी एक गफलत म्हणा. सासूबाई नेहमीच्या तपासणीला आल्या, चेहरा सुजल्यासारखा, अंगात जडपणा. विचारलं तर म्हणाल्या, “तुम्हीच सांगितलं की, थायरॉईडची गोळी बंद करा. सुनंला बाधली, मग मी कशाला खाऊ?” तीन आठवडे त्यांनी थायरॉक्सिन घेतलं नव्हतं. मी घरच्यांना फोनवर शब्दशः तेच म्हणालो होतो, ‘ती थायरॉईडची गोळी बंद’. ज्या शब्दाने मला फसवलं, तोच मी पुन्हा वापरला होता.

निष्पत्ती

तीन आठवड्यांनी फ्री टी-४ पुन्हा ३.६ वर चढलं, नाडी शंभराच्या पुढे. त्याच आठवड्यात न्यूक्लिअर मेडिसिन केंद्रात त्यांना १२ मिलिक्युरी आयोडीन दिलं गेलं. गर्भार बाई आणि लहान मुलांपासून केंद्राने सांगितले तितके दिवस लांब राहायचं होतं. घरात ते जमणं कठीण. शेवटी ताई मळ्यातल्या खोलीत राहिल्या. ताट-तांब्या वेगळा, कपडे वेगळे, जेवण नवरा दारात ठेवायचा. गावात कुजबुज झालीच, हिला काहीतरी संसर्गाचा रोग झालाय म्हणून. ती मिटवायला मला पारावर दोनदा बसावं लागलं. औषध अंगात असताना जपायचं असतं आणि ते थोड्या दिवसांत उतरतं, एवढंच सांगितलं.

चार महिन्यांनी टीएसएच ४२. ग्रंथी थंडावली होती, म्हणजे अपेक्षित तेच झालं. थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम सुरू केलं. सांधे पुन्हा दुखले नाहीत. एएनए पुन्हा करून पाहिलं, निगेटिव्ह.

औषधाचा आणि त्रासाचा संबंध जोखायला नारांजो मोजपट्टी वापरतात. तीवर ७ गुण आले, म्हणजे संबंध ‘बहुधा आहे’. गोळी पुन्हा देऊन पाहिली असती तर गुण वाढले असते, पण त्यासाठी पेशंटला पुन्हा त्या वाटेला लावणं कुणालाच मान्य नव्हतं. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे नोंद केली. त्यांचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, आणि नोंद फक्त डॉक्टरनेच करावी असं नाही. पेशंटला आणि मेडिकलवाल्यालाही करता येते. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी केलेली ही पहिलीच नोंद, हे सांगायला मला कानकोंडं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत ‘पाकीट दाखवा’ म्हणायला हवं होतं. दोन शब्द. ताईंच्या पिशवीत त्या दिवशीही पाकीट होतं, हे नंतर कळलं.

चिकुनगुन्याचा अंदाज चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या हंगामात तोच पहिला विचार योग्य. चुकलं ते पुढचं. चिकुनगुन्याचे सांधे बहुधा एकदम आणि दोन्ही बाजूंनी धरतात. इथे एक सुटत होता तेव्हा दुसरा धरत होता, आणि पित्तही उठलं होतं. बत्तिसाव्या दिवशी चित्र बदललं होतं, माझा प्रश्न बदलला नव्हता. तापाच्या पेशंटची पेशींची मोजणी न करणं तर कुठल्याच हंगामात क्षम्य नाही. ताईंच्या पेशी शाबूत निघाल्या ते नशीब, माझी हुशारी नव्हे.

मिरजेच्या बाजूनेही काही राहिलं. सूचना होती, पण न वाचता येणाऱ्या भाषेत, आणि तीत सांध्यांचा उल्लेख नव्हता. गोळी लिहिताना गावातल्या डॉक्टरला दोन ओळींची चिठ्ठी पाठवली असती तर माझे नऊ दिवस वाचले असते. हे मी त्या तज्ज्ञांना म्हणालो. ते हसले नाहीत, की रागावलेही नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून आलेल्या पेशंटच्या फाईलला एक मराठी चिठ्ठी टाचलेली होती: ताप किंवा घसादुखी, डोळे पिवळे होणं, अंगावर पित्त, सांधे सुजणं, यातलं काहीही झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. स्टेरॉईड पाच दिवस लांबवणं मला तेव्हा पटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी रात्री त्या बाईला न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागलं होतं, हे नवऱ्याने मला महिन्याने सांगितलं. पुन्हा असा पेशंट आला तर मी कदाचित इतकं थांबणार नाही.

आता घरात दोघींना थायरॉक्सिन आहे, सासूबाईंना ५० चं आणि ताईंना ७५ चं. सासूबाई म्हणतात, “आता दोघींची एकच की.” एकच नाही हे मी दर खेपेला सांगतो. शेवटी ताईंनीच तोड काढली. आपल्या डबीच्या झाकणावर त्यांनी लाल टिकली चिकटवली आहे.